दारू सुटल्यानंतरचा माणूस

(रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागातर्फे युसूफ वडगाव येथे भरलेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषण)



ज्या विषयासाठी आपण आज युसूफ वडगावात जमलो आहोत, तो चारचौघांत बोलण्याचा नाही असे अजूनही पुष्कळांना वाटते. घरातली दारू उंबऱ्याच्या आत झाकून ठेवायची, हीच आजवरची रीत. ती मोडून आपण येथे आलात, याबद्दल आम्ही प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो.

वार्षिक अहवालात किती रुग्ण दाखल झाले आणि किती बरे होऊन घरी गेले, असा हिशेब देण्याची प्रथा आहे. तो हिशेब आवश्यकच आहे. परंतु 'बरे होऊन घरी गेले' या चार शब्दांत एक गैरसमज दडलेला आहे आणि आजचे बोलणे आम्ही त्या गैरसमजापुरते ठेवणार आहोत. दारू शरीरातून जाण्यास काही दिवस पुरतात. ती दिनक्रमातून जाण्यास महिने लागतात. आणि 'मी दारुडाच' ही स्वतःविषयीची समजूत पुसली जाण्यास कधी कधी वर्षे लागतात. रुग्णालयातील खाट यांतील पहिल्या कामासाठी आहे. उरलेली दोन कामे घरात, गावात आणि उसाच्या फडात व्हायची असतात.

खाटेवरचे काम

पहिल्या कामाविषयी दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या न पाळल्याने जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू थांबवली, तर हातांना कंप सुटतो, दरदरून घाम येतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊ लागतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. हे भूतबाधेचे लक्षण नव्हे. हा दारू तुटल्याचा आजार आहे आणि त्यावर खात्रीचे उपचार आहेत. म्हणून कोणाही माणसाला खोलीत कोंडून त्याची दारू सोडवू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे, जेवणात किंवा चहात गुपचूप कालवून देण्याचे औषध. अशा पुड्यांमध्ये बहुधा काय असते हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर माणूस दारू प्याला, तर छाती धडधडते, रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. हेच औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासणी करून दिले, तर ते उपयोगी पडते. भगिनींची अगतिकता आम्ही जाणतो. तरीही हा मार्ग धरू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

उपचारांपर्यंत पोहोचणारेच मुळात थोडे आहेत. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळाल्याचे तीत आढळले. म्हणजे जो दवाखान्याची पायरी चढला, तो आधीच एक अवघड लढाई जिंकून आलेला असतो. ती जिंकलेली लढाई पुढच्या वर्षभरात हातातून निसटू नये, हा खरा प्रश्न आहे.

वैद्यकशास्त्र याबाबत भाबडी आशा दाखवीत नाही. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत ४० ते ६० इतके असल्याचे मानले जाते. हा आकडा ऐकून काहीजण म्हणतील, मग उपचारांवर पैसा का खर्चावा? परंतु रक्तदाब आणि दमा यांच्या रुग्णांत त्रास उलटण्याचे प्रमाणही साधारण असेच आहे आणि त्यांच्यावरील उपचार व्यर्थ आहेत असे कोणी म्हणत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला आपण गोळी चालू ठेवण्यास सांगतो, मीठ कमी करण्यास सांगतो, दर महिन्याला तपासणीस बोलावतो. व्यसनमुक्तीलाही असाच दीर्घ पाठपुरावा लागतो.

सायंकाळचे दोन तास

सवय ही माणसाच्या इच्छेपेक्षा जागेला, वेळेला आणि सोबतीला अधिक चिकटलेली असते. व्हिएतनाम युद्धातील एक उदाहरण जगभर अभ्यासले गेले आहे. तेथे असताना अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या अशा सैनिकांचा माग ली रॉबिन्स या संशोधिकेने काढला. परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी शंभरांत सुमारे पाचजणच पुन्हा व्यसनात अडकल्याचे दिसले. जागा बदलली, सोबत बदलली, दिवस कसा जातो ते बदलले आणि व्यसनाचा आधार गेला.

आमच्या रुग्णाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. त्याची जागा बदलते ती रुग्णालयात असताना. तेथे तो नीट जेवतो, झोपतो, हसतो-बोलतो. मग आपण त्याला एसटीत बसवतो आणि तो त्याच फाट्यावर, त्याच पानटपरीसमोर, त्याच मित्रांमध्ये उतरतो. सायंकाळी सहाच्या सुमारास, त्याला कोणी काही न म्हणताही, त्याचे पाय त्या वाटेला वळू लागतात. याला निर्धाराचा अभाव म्हणू नये. अनेक वर्षे रोज त्या वेळेला तेच केल्यामुळे शरीराने ती वाट पाठ केलेली असते.

म्हणून आम्ही रुग्णाला घरी पाठवताना 'पिऊ नकोस' एवढेच सांगून थांबत नाही. सहा ते आठ या दोन तासांत तो काय करणार, हे त्याच्याकडून आणि त्याच्या घरच्यांकडून ठरवून घेतो. जनावरांना वैरण-पाणी करणे, धार काढून दूध डेअरीवर नेऊन घालणे, मुलांना अभ्यासाला घेऊन बसणे, मंदिरातील हरिपाठ, मशिदीतील नमाज, विहारातील वंदना, यांपैकी ज्याला जे जमेल ते त्याने निवडावे. रिकामी वेळ तशीच सोडली, तर जुनी सवय तिच्यात परत येऊन बसते. नवी सवय फार मोठी नसावी, पण तिची वेळ आणि जागा ठरलेली असावी.

अशी नवी सवय अंगवळणी पडण्यास किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा काळ २५४ दिवसांपर्यंत जाईल असा अंदाज निघाला. आणि त्या सवयी पाणी पिणे, फळ खाणे, फिरायला जाणे अशा साध्या होत्या. व्यसनाच्या जागी नवा दिनक्रम बसवणे त्याहून कितीतरी कठीण आहे. तेव्हा महिन्याभरात 'आता सुधारला' असा निर्वाळा कोणी देऊ नये आणि 'अजून सुधारत नाही' असा ठपकाही ठेवू नये.

ऊसतोडीचा हंगाम

आपल्या भागात या दिनक्रमावर आणखी एक घाव बसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीसाठी जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल जोडीच्या नावावर असते आणि ती फेडायचीही जोडीनेच. नवऱ्याने उचलीतील पैसा दारूत घालवला, तर तो बायकोच्याही अंगमेहनतीतून फिटतो. तो पिऊन पडला आणि खाडा झाला, तर त्या दिवसाची कपात दोघांनाही सोसावी लागते. कोपीवर राहणाऱ्या त्या माउलीसाठी नवऱ्याची दारू म्हणजे तिच्या स्वतःच्या श्रमांची चोरी असते.

पहाटेच्या थंडीत तोडणी, अवेळी गाडी भरणे, दुखणारे अंग आणि भोवती पिणारे सोबती. घरी मोठ्या कष्टाने बसवलेला दिनक्रम अशा फडावर पहिल्याच आठवड्यात विस्कटतो. म्हणून हंगामाला निघण्यापूर्वीच तयारी करावी लागते. शक्य तर ज्या टोळीत निदान एक तरी न पिणारा जोडीदार आहे, त्या टोळीत जावे. उचल घेताना पत्नी समोर असावी आणि पैसा दोघांच्या संमतीने खर्चावा. औषधे पुरेशी सोबत द्यावीत आणि अंगदुखीवर दारू हे औषध नव्हे, हे समजावून सांगावे. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवून रुग्णालयातून फोन व्हावा. फोनवर दोन मिनिटांचेच बोलणे होते. परंतु दूर कोपीवर बसलेल्या माणसाला आपली कोणी वाट पाहत आहे, हे त्यातून कळते.

स्वतःला दिलेले नाव

आता तिसऱ्या आणि सर्वांत अवघड कामाविषयी. वर्षानुवर्षे माणसाला घरात आणि गावात एकाच नावाने ओळखले जाते. मुलांना शाळेत त्या नावावरून चिडवतात. हळूहळू तो स्वतःही स्वतःला त्याच नावाने ओळखू लागतो. दारू थांबते तेव्हा ते नाव थांबत नाही. आत कोठेतरी तो म्हणत राहतो, 'मी पिणाराच आहे, सध्या पीत नाही इतकेच.' ही समजूत कायम राहिली, तर प्रत्येक लग्नाची वरात, प्रत्येक कंदुरी, ग्रामपंचायतीची प्रत्येक निवडणूक ही नवी परीक्षा ठरते.

पॅट्रिक बिअरनॅकी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने, कोणत्याही उपचाराविना हेरॉइन सोडलेल्या माणसांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्या माणसांनी केवळ पदार्थ सोडलेला नव्हता. पिता, कामगार, विद्यार्थी, श्रद्धाळू अशी एखादी वेगळी ओळख त्यांनी धरली होती आणि भोवतीच्या लोकांनीही ती कालांतराने मान्य केली होती. दुसरी ओळख हाती लागली, तेव्हाच पहिली सुटली.

ही गोष्ट आपल्याकडे परकी नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला कोणी ग्लास पुढे करीत नाही. 'ते माळकरी आहेत' एवढे म्हणून लोक पुढे जातात. जॉर्ज व्हेलंट या मानसोपचारतज्ज्ञाने अनेक दशके दारू पिणाऱ्यांची आयुष्ये अभ्यासून १९८३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दीर्घकाळ दारूपासून दूर राहिलेल्यांच्या बाबतीत त्याला चार गोष्टी वारंवार आढळल्या: बाहेरून राहणारी देखरेख, दारूच्या जागी दुसरे काही, नवी जिव्हाळ्याची नाती आणि आशा देणारा एखादा समूह. माळकऱ्याच्या आयुष्यात या चारही गोष्टी येतात. गळ्यातील माळ सर्वांना दिसते, सायंकाळी भजन असते, दिंडीत नवे सोबती भेटतात आणि आषाढीची वाट पाहायची असते. माळ घालावीच असा आमचा मुळीच आग्रह नाही, आणि नुसती माळ म्हणजे उपचार नव्हे. ज्याची जी श्रद्धा, ज्याचे जे काम, त्यातून त्याने आपली ओळख घडवावी. परंतु ती ओळख चारचौघांना दिसणारी असावी.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने हे तत्त्व फार पूर्वी जाणले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या देणगीचा आधार घेऊन डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केले. तेथे दाखल झालेल्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. व्यसनातून बाहेर पडलेले अनेकजण तेथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. काल ज्याला हात धरून आणले, तो उद्या दुसऱ्याचा हात धरतो. स्वतःविषयीचा आदर परत मिळवण्याचा याहून चांगला उपाय आम्हांला ठाऊक नाही.

येथे एक शंका घेतली जाते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आज आपल्याकडेही सभा भरणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेत, वीस वर्षे न प्यालेला माणूसही 'मी मद्यपाशी आहे' असे म्हणून बोलण्यास आरंभ करतो. मग जुने नाव सोडावे की धरावे? आमच्या मते या दोन्हींत विरोध नाही. 'एक घोट माझ्यासाठी कधीच एक घोट नसतो' ही जाणीव जन्मभर ठेवावी. ती नम्रता माणसाला सावध ठेवते. परंतु 'मी वाया गेलेला आहे' हे मात्र सोडून द्यावे. आजाराची आठवण ठेवावी, बदनामीचे ओझे ठेवू नये. मित्राने ग्लास पुढे केला, तर 'डॉक्टरांनी बंद केली आहे' असे सांगण्यापेक्षा 'मी घेत नाही' असे सांगावे. पहिल्या उत्तरावर आग्रह वाढतो. दुसऱ्या उत्तरात माणूस स्वतःचे मत सांगतो, आणि ते वारंवार सांगितल्याने त्याला स्वतःलाही पटत जाते.

घसरण झाली तर

सहा महिने न प्यालेला माणूस एखाद्या दिवशी पितो. त्या दिवशी खरा धोका पहिल्या पेल्यापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या विचारात असतो. 'गेलेच सगळे, मी असाच' असे तो स्वतःला सांगतो आणि मग सरळ जुन्या वाटेला लागतो. घरचेही तेच म्हणाले, तर त्याचा निष्कर्ष पक्का होतो. परंतु ते सहा महिने नाहीसे झालेले नसतात. त्या काळात मुलांची फी भरली गेली, भाकरीला जोड मिळाली, एक माणूस रोज सकाळी स्वच्छ डोळ्यांनी उठला, हे खरेच घडलेले असते.

अशा रात्री वाद घालू नये. सकाळी शुद्धीवर असताना शांतपणे बोलावे आणि त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा. कोठे, कोणाबरोबर, कोणत्या वेळी घसरण झाली हे कळले, की दिनक्रमातील कच्चा दुवा सापडतो. मात्र एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतो. मारहाण होत असेल, तर भगिनींनी सहन करीत राहावे असे आम्ही कदापि सांगणार नाही. प्रथम स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी, १८१ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी. उपचारांचे नंतर पाहता येते.

घराचे आणि गावाचे काम

व्यसनाच्या वर्षांत घरालाही काही सवयी लागतात. खिसे तपासणे, पैसे लपवणे, मुकादमाकडे त्याच्या वतीने खोटे बोलणे, सोळा वर्षांच्या मुलाने कर्त्याची जागा घेणे. त्या त्या वेळी हे सारे आवश्यकच होते. परंतु तो सावरू लागल्यावर घराने त्याची जागा थोडी थोडी परत द्यावी. प्रथम बाजारातून भाजी आणण्याइतके पैसे, नंतर विजेचे बिल, मग शेताच्या बियाण्याचा व्यवहार. विश्वास एकदम टाकू नये आणि कायमचा रोखूनही धरू नये. पत्नीचे थकलेले मन ताळ्यावर येण्यासही वेळ लागतो. तिने लगेच हसून सारे विसरावे, ही अपेक्षा रुग्णानेही करू नये. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' हा स्वतंत्र गट चालतो, तो याच जाणिवेतून.

गावाचे काम त्याहून सोपे आहे. जुने नाव घेणे बंद करावे. वरातीत आग्रह करू नये. आणि त्याला काम द्यावे. सप्ताहाच्या पंगतीत वाढण्याचे असो, शाळेच्या कुंपणाचे असो, जबाबदारीचे काम द्यावे. ज्याच्यावर गाव विसंबते, तो माणूस सायंकाळी स्वतःकडे निराळ्या नजरेने पाहतो.

देणगीदारांना निवेदन

आदरणीय देणगीदारहो, आपण दिलेली खाट दिसते, तिच्यावर नावाची पाटी लावता येते. परंतु हंगामात कोपीवर केलेला फोन, गावी जाऊन घेतलेली भेट, वर्षपूर्तीला कुटुंबासह बोलावून केलेला छोटा सत्कार, यांवर पाटी लावता येत नाही. व्यसनमुक्ती टिकते ती मात्र यांवरच. म्हणून आमची विश्वस्तांना आणि आपणांस नम्र विनंती आहे की, खाटा वाढवण्याआधी एका खाटेवरून उठलेल्या माणसाच्या पुढील वर्षाची तरतूद करावी. सावरलेल्या माणसांतूनच मानधनावर कार्यकर्ते नेमावेत. त्यायोगे पाठपुरावाही होईल आणि त्या कार्यकर्त्याला नवी ओळखही मिळेल.

कुटुंबियांना एवढेच सांगतो की, मदत मागण्यासाठी माणूस पूर्ण तयार होईपर्यंत थांबू नका. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तसेच मनःस्वास्थ्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. आमच्या रुग्णालयाचे दार तर आपलेच आहे. आज या मंडपात ज्यांच्या व्यसनमुक्तीला एक वर्ष पूर्ण झाले आहे, त्यांच्या हस्ते या कार्यक्रमाचे आभारप्रदर्शन व्हावे, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करून आम्ही आमचे निवेदन संपवतो.